पोटखराब

खंडव्याहून बुऱ्हाणपूरकडे निघालेली आमची पॅसेंजर चांदनी स्टेशनात थांबली ती थांबलीच. मागून कुठलीतरी एक्स्प्रेस येत असावी आणि ती पुढे काढायची असावी. एप्रिल महिना, दुपारचा दीड. डब्यात पंखे फिरत होते, पण ते गरम हवाच इकडून तिकडे करत होते. चांदनी! एवढे शीतल नाव असलेल्या गावात एवढे ऊन पाहून मला हसू आले आणि तेवढ्यात समोर बसलेला भाई खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, "अरे, हे तर अगदी आमच्या तिकडच्यासारखे!"

भाई म्हणजे माझा आतेभाऊ. म्हापशाला माझ्याबरोबर वाढला, मुंबईला शिकला आणि अमेरिकेला गेला तो तिथलाच झाला. निवृत्तीनंतर त्याने कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटाच्या उंच पठारावर घर घेतले. वहिनींचा ओंकारेश्वराचा नवस होता, तो फेडून आम्ही परतत होतो. बुऱ्हाणपूर बघायचा हट्ट माझा. वहिनी बिचाऱ्या डोक्यावर ओला नॅपकिन ठेवून बसल्या होत्या.

"हीच हवा, हाच रंग," भाई सांगत होता. "बघ, सातपुड्याचा उतार मागे आहे, जमीन मोकळी आहे, रेल्वे दारात आहे. इथे एक अठरा होलचा गोल्फ कोर्स टाकला, भोवती शंभर बंगले बांधले, तर पाच वर्षांत या गावाचे सोने होईल. जमीन तर नुसती पडून आहे."

बाकाच्या टोकाला पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. मांडीवर केळ्यांची पाटी. बुऱ्हाणपूरच्या बाजूला मराठी घरोघर आहे, त्यांना आमचे बोलणे सगळे समजत होते. ते अगदी नम्रपणे म्हणाले, "पडून कुठे आहे साहेब? पावसात या. गुरांना जागा पुरत नाही."

भाई हसला. गाडी सुटली आणि विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. गाडीत आतेभावाशी, तेही वयाने मोठ्या, भांडता येत नाही. म्हणून जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो आहे. भाई हे वाचतो, हे मला ठाऊक आहे.

हिरवा गालिचा

भाईच्या घरी मी एकदा पंधरा दिवस राहून आलो आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांच्या आसपास उंची. वर्षाचा पाऊस दीडशे मिलिमीटरही धड नाही. आपल्याकडे तेवढा जूनमधल्या एका रात्रीत कोसळतो. वसाहतीला भिंत, भिंतीला फाटक, फाटकावर पहारेकरी. आत शिरलो की डोळे दिपतात. हिरव्या मखमलीसारखे गवत, मधे तळे, तळ्यात बदके. पहाटे गवतातून फवारे आपोआप वर येतात आणि फिरू लागतात. पहिल्या दिवशी मी खिडकीत उभा राहून ते बघत राहिलो. खोटे कशाला बोलू, सुंदर दिसत होते. क्लबात भाईच्या पाहुण्याच्या नात्याने जेवलोही. मासे बरे होते.

भिंतीच्या पलीकडे मात्र धूळ. जोशुआची काटेरी झाडे हात वर करून उभी, आणि दूरवर तपकिरी डोंगर. मी भाईला विचारले, "हे पाणी येते कुठून?" तो म्हणाला, "नळातून." त्याने विनोद केला नव्हता. आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर तेच असते.

परत आल्यावर मी वाचत बसलो. त्या भागात मोहावे नावाची नदी आहे. नकाशावर निळी रेघ दिसते. जाऊन पाहिले तर बहुतेक ठिकाणी कोरडी वाळू. पण ती नदी मेलेली नाही. ती वाळूच्या खालून वाहते आणि काही मोजक्या ठिकाणी, खडक आडवा आला की, वर येते. त्या भूगर्भातल्या पाण्यावर वरच्या अंगाची गावे वाढत गेली. घरे झाली, कृत्रिम तळी झाली, गोल्फची मैदाने झाली. खालच्या अंगाचे बार्स्टो शहर अखेर १९९० साली कोर्टात गेले. वरचे लोक उपसा करतात, आमच्यापर्यंत पाणी पोचत नाही, ही त्यांची तक्रार. १९९६ साली कोर्टाने पाण्याच्या वाटपाचा निवाडा दिला आणि प्रकरण पुढे २००० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आता शेकडो मैलांवरच्या उत्तर कॅलिफोर्नियातून कालव्याने पाणी आणून त्या वाळवंटात मुरवले जाते.

म्हणजे जी जमीन 'कोरडी, मोकळी, पडून' होती, तिच्या पोटात अख्खी नदी होती. ती नदी होती म्हणून तर तिथे गवत उगवले! जमीन रिकामी आहे असे सांगत आत शिरायचे आणि मग तिच्या पोटातले उपसायचे, हा या धंद्याचा पाया आहे. भाईच्या वसाहतीपुरते हे खरे असते तर मी एवढे लिहिले नसते. पण हेच वाक्य मी गोव्यात ऐकले आहे, अगदी याच शब्दांत.

खेळावर राग नाही

आधी एक गैरसमज दूर करतो. माझा गोल्फवर राग नाही. हा खेळ जिथे जन्मला तिथली गोष्ट मला फार आवडते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या होत्या. शेतीला निकामी. खारे वारे, खुरटे गवत, मेंढ्या चरून चरून ते आणखी खुरटे करायच्या. त्या मेंढ्यांनीच मैदान तयार केले म्हणा ना. पाणी पावसाचे, गवत देवाचे. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने सनद दिली: तिथे त्याला ससे पाळता येतील, पण गावच्या लोकांचा गोल्फ खेळण्याचा, फुटबॉल खेळण्याचा हक्क अबाधित राहील. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ससे पाळणारे व्यापारी आणि गोल्फ खेळणारे यांच्यात त्या जमिनीवरून अनेक वर्षे खटले चालले. सशांनी बिळे करून मैदानाची चाळण केली होती! आज त्या मैदानाचा कारभार सार्वजनिक विश्वस्त मंडळ पाहते. जगातले सर्वांत जुने, सर्वांत मानाचे गोल्फ मैदान, पण ते कोणा क्लबाच्या मालकीचे नाही. आणि रविवारी तिथे खेळ बंद असतो. गावची माणसे कुत्री घेऊन, पोरे घेऊन त्या हिरवळीवरून फिरतात.

गावाची सामाईक जमीन, तिला जे येते तेवढेच गवत, आणि आठवड्यातून एक दिवस सर्वांना मोकळी वाट. अशा खेळाला कोण विरोध करील? तोच खेळ जेव्हा भिंत बांधून, फी घेऊन, दीडशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात नेला जातो, तेव्हा खेळाचे फक्त नाव उरते. मग तिथे मेंढ्यांच्या जागी यंत्र येते, पावसाच्या जागी बोअरवेल आणि गावाच्या जागी सभासद.

आणि सभासदांचा वशिला किती मोठा असतो बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये भयंकर दुष्काळ पडला. शंभरावर गावांना नळाचे पाणी नव्हते, लोकांना घरच्या बागेला पाणी घालायला बंदी होती. तरी गोल्फच्या ग्रीनना पाणी घालायला सवलत होती. तुलूजजवळ काही आंदोलकांनी रात्री जाऊन होल सिमेंटने बुजवून टाकले. मला हे वाचून आनंद झाला, हे कबूल करतो. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने २०२१ साली शोभेच्या हिरवळीवर बंदी घालणारा कायदा केला. रस्त्याच्या दुभाजकावरचे, इमारतींपुढचे गवत २०२७ पासून कोलोराडो नदीच्या पाण्यावर जगवता येणार नाही. उत्तम कायदा. त्यातून गोल्फची मैदाने मात्र वगळली आहेत. ते गवत शोभेचे नाही, उपयोगाचे आहे, असे तो कायदा मानतो!

आपल्याकडे हा प्रश्न एकदाच नीट विचारला गेला, तोही क्रिकेटबाबत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी न्यावी लागली होती. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली: मैदानावर शिंपडलेले पाणी वाचवून लातूरची तहान कशी भागणार? भागणार नाहीच. पण पाणी नसताना आधी कोणाचे भांडे भरायचे, हे कुणीतरी मोठ्याने विचारायला हवेच होते.

कुंडी भंडारा

संध्याकाळी आम्ही बुऱ्हाणपुरात उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडी भंडाऱ्याला गेलो. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात. वरून बघितले तर काहीच नाही. रखरखीत माळ आणि त्यावर ओळीने विहिरीच्या कठड्यांसारखे गोल. भाईच्या भाषेत 'पडून असलेली जमीन'. मग लिफ्टने जवळजवळ ऐंशी फूट खाली जायचे. खाली पाय टेकला आणि एकदम गारवा. गुडघाभर पाणी, नितळ, संथ वाहणारे. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले. वरच्या गोलांतून एकामागून एक उजेडाचे खांब खाली उतरलेले.

सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पावसाचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, पंपाशिवाय, केवळ उताराने शहरात आणायची ही योजना. १६१५ च्या सुमारास, जहांगिराच्या काळात, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत ती झाली. पाण्यावरचा ज्याचा दोहा हिंदी मुलखात शाळकरी पोरांनाही पाठ असतो, तोच हा रहीम. नुसता दोहा लिहून तो थांबला नाही! काम केले इराणी जाणकाराने. तबकुतुल अर्ज असे त्याचे नाव सांगतात. इराणच्या उंच कोरड्या पठारावर हजारो वर्षे अशाच बोगद्यांनी माणसे जगत आली, तिकडे त्याला कनात म्हणतात. त्याच सुमारास आपल्या औरंगाबादेत मलिक अंबरने अशाच जातीची नहर बांधली. बुऱ्हाणपुरात शंभरावर कुंड्या एकमेकींना जोडलेल्या आहेत आणि पाणी आजही वाहते. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आले.

आता कोणी म्हणेल, मोगलांनी काय गरिबांसाठी बांधले होते? बुऱ्हाणपुरात शाही हमाम आहे, बादशहा आणि बेगम तिथे नाहत. खरे आहे. लष्कराची छावणीही तिथे असे, तिला पाणी लागे. मी मोगलांना संत ठरवायला निघालेलो नाही. पण हमामात गेलेले पाणी ज्या बोगद्यातून आले त्याच बोगद्याचे पाणी शहरातही गेले. आणि महत्त्वाचे असे की बोगद्यात जेवढे झिरपते तेवढेच बाहेर पडते. उपसता येत नाही. सातपुड्याने यंदा कमी दिले तर बादशहालाही कमी. बोअरवेलला असली लाज नसते.

भाई पाण्यात उभा राहून वर बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वर उभे असताना वाटलेसुद्धा नाही." वहिनींनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले.

आपला सडा

इथे मला गोव्याकडे वळायला हवे, कारण हे सगळे मला ज्यासाठी सांगायचे आहे ते तेरेखोल आहे.

गोव्याला वाळवंट कुठले, असे कुणी विचारील. आहे. वर्षातले आठ महिने आपला सडा वाळवंटच असतो. जांभ्या दगडाचा काळा पडलेला कातळ, चप्पल वितळेल एवढा तापतो, एक हिरवी काडी दिसत नाही. पण जूनमध्ये त्यावर चढून बघा. पंधरा दिवसांत कातळावरच्या खळग्यांत पाणी साचते, गवत येते, गुरे येतात. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे निळी-जांभळी होऊन फुलतात, त्यांच्यात पांढऱ्या गेंदांची गर्दी होते. किडे खाणारे दवबिंदूही तिथेच. ज्या कासच्या फुलांसाठी लोक पुण्या-मुंबईहून रांगा लावतात, त्यांची भावंडे आपल्या पेडण्याच्या सड्यांवर फुकट फुलतात, आणि आपण त्यांच्यावर चिऱ्यांच्या खाणी काढतो!

हे झाले वरचे. सड्याचे खरे काम आतून चालते. जांभा सच्छिद्र. चार महिने पडलेला पाऊस तो पितो आणि पुढचे आठ महिने पायथ्याच्या झरींतून थेंब थेंब सोडतो. त्या झरींवर आपली कुळागरे उभी आहेत, त्या झरींवर वायंगणाची शेते पिकतात. मार्चमध्ये विहिरीला पाणी असते ते वर सडा आहे म्हणून. रहीमने सातपुड्याखाली जे खणून केले ते आपल्याला देवाने न खणता दिले आहे. आपल्या पूर्वजांना हे कळत होते. म्हणून सड्यावर राखणदाराचे ठिकाण असे, तिथे वर्षातून एकदा नारळ-रोट पोचे आणि तिथले झाड तोडायला माणूस घाबरे. गांवकरी संस्थेत सड्याला मालक नव्हता. १५२६ साली अफोंसो मेशियाने गावांचे जे रीतिरिवाज लिहून काढले, त्या काळापासून तरी पाणी, बांध आणि चराऊ जमीन ही गावाची सामाईक बाब होती. गांवकरीही एक बंद क्लब होता, हे मला मान्य आहे. जन्माने मिळणारे सभासदत्व, बायकांना जागा नाही, खालच्या मानलेल्या जातींना तर नाहीच. तिची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही. पण त्या क्लबाला बांध फुटला तर दुरुस्त करावा लागे. या नव्या क्लबाला काय करावे लागते?

तेरेखोल

केरीहून फेरीबोट धरली की दहा मिनिटांत तेरेखोल. नदीच्या पलीकडचा गोव्याचा एवढासा तुकडा. जमिनीने तो रेडी-आरोंद्याच्या बाजूला, महाराष्ट्राला जोडलेला. सावंतवाडीकरांनी बांधलेला किल्ला, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. किल्ल्यात सांत आंतोनियोचे चर्च. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि तिरंगा फडकवला. गोवामुक्तीच्या इतिहासात तेरेखोलला एवढे मोठे पान आहे. गावात मात्र थोडकी घरे, आणि मागचा सगळा डोंगर काजींचा.

या डोंगरावर गोल्फ कोर्स आणि पंचतारांकित रिसॉर्ट उभारायचा बेत झाला. लीडिंग हॉटेल्स या कंपनीने भाटकाराकडून जमीन घेतली, बारा लाख चौरस मीटरांहून अधिक. गावाची बहुतेक जमीन त्यात गेली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काजी राखल्या ते म्हणाले, आम्ही कुळे आहोत. समोरून उत्तर आले, तुम्ही कुळे कसली, बोंडू वेचणारे मजूर. कागदावरची कुळांची नावे, जमिनीचे व्यवहार, पर्यावरणाचे दाखले, सगळ्यावर खटले झाले. २०१५ साली पोलीस बंदोबस्तात यंत्रे गावात शिरली तेव्हा गावकरी रस्त्यात उभे राहिले. त्यात बायका पुढे होत्या.

मी गेलो होतो तेव्हा मार्च संपत आला होता. सगळ्या गावाला बोंडूंचा वास. एका घरामागे म्हातारा दगडी कुंडीत बोंडू तुडवत होता. गोल्फचे विचारले तर तो न थांबता म्हणाला, "काजी आसात म्हणून आमी आसात." एवढेच. मी आणखी काही विचारावे म्हणून थांबलो, तर त्याने मला पेलाभर नीरो दिला आणि पुन्हा तुडवायला लागला.

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त काय खुपले सांगू? आपण मराठी लोकांनी, विशेषतः आमच्या पिढीने, कसेल त्याची जमीन म्हणत ढोल वाजवले आहेत. १९६४ चा कूळ कायदा भाऊसाहेबांच्या काळातला. १९७६ ची पाचवी दुरुस्ती शशिकलाताईंच्या काळातली, तिने कुळाला मालक केले. १९९१ च्या कायद्याने अशी कुळाला मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरू नये असे सांगितले. कागदावर गोव्याइतके भक्कम कुंपण क्वचितच कुठे असेल. आणि तरीही काजीच्या डोंगराला 'मोकळी जमीन' म्हणणारे आमचेच, भाऊसाहेबांच्या फोटोला हार घालणारे निघतात. १९९३ साली २९ एप्रिलला आशियातल्या काही संघटनांनी गोल्फविरोधी दिवस पाळला आणि जागतिक चळवळ सुरू केली, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ शहाण्यांनी त्याची टिंगल केली होती. म्हणे, खेळाला कसला विरोध! दोनच वर्षांनी मेक्सिकोमधल्या तेपोस्तलान या डोंगरातल्या गावाने गोल्फ क्लबाविरुद्ध बंड केले, नगराध्यक्षाला हाकलले, रस्ते अडवले. त्यात गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा गोळी लागून जीव गेला आणि मग १९९६ च्या एप्रिलमध्ये कंपनीने बेत सोडला. त्या गावाचाही मुख्य मुद्दा दोन शब्दांत सांगता येतो: सामाईक जमीन आणि पाणी.

आता नेहमीचे दोन प्रश्न. नोकऱ्या मिळतील ना? मिळतील. काजीच्या बागेचा राखणदार होता तो फाटकाचा राखणदार होईल आणि त्याच्या मुलाला दुसऱ्याच्या काठ्या उचलून फिरायचे काम मिळेल. कुणाला हे पुढे गेल्यासारखे वाटत असेल तर मी काय बोलू? दुसरा प्रश्न जरा बरा आहे: सांडपाणी शुद्ध करून वापरले तर? भाईचाही हा आवडता मुद्दा. वापरता येते, काही ठिकाणी वापरतात. पण तेरेखोलसारख्या एवढ्याशा गावात एवढ्या गवताला पुरेल असे सांडपाणी आणायचे कुठून? आणि पाण्याचा प्रश्न मिटला तरी खताचा, कीटकनाशकाचा राहतो. ते गवत नैसर्गिक नसते, एकाच जातीचे असते, औषधांवर जगते. जांभा जसा पाऊस पितो तसे तो हेही पिणार आणि झरीतून खाली सोडणार. खाली नदीचे मुख आहे. तिथे तिसऱ्या काढणाऱ्या बायका असतात.

बुऱ्हाणपूरहून परतताना भाई गाडीत जरा गप्प होता. भुसावळ गेल्यावर म्हणाला, "तुझे म्हणणे पटते, पण माणसाने आयुष्यभर राबून शेवटी जरा हिरवे बघू नये का?" मी म्हटले, "बघावे की. जूनमध्ये ये. सड्यावर नेतो." तो म्हणाला, जूनमध्ये तिकिटे महाग असतात.

घरी आल्यावर मी माझ्या गावच्या सड्याचा एक-चौदाचा उतारा काढला. तुमच्यापैकी ज्यांनी तो कधी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: त्यात भातशेती, बागायत, खाजन, केर, मोरड असे रकाने असतात, आणि जिथे काही पिकत नाही असे सरकारला वाटते ती जमीन एका वेगळ्या रकान्यात जाते. आमचा सडा, ज्याच्या झरीवर आमच्या वाड्यावरच्या सगळ्या विहिरी भरतात, त्या रकान्यात आहे. शब्द आहे 'पोटखराब'. तुमच्या गावच्या सड्यापुढे काय लिहिले आहे, तेवढे बघून कळवा.